नाल्यावरचे चार दांडे

१

अकरावी बकरी माह्या डोळ्यादेखत मेली. करंजटोल्याच्या वेशीवरच उभी होती. चारी पाय फाकवलेले, डोळे वटारलेले, अन् मुंडी सारखी हालून राह्यली. कोनी काही विचारावं अन् तिनं नाई-नाई म्हनावं, तशी. मंग गरकन दोन गिरक्या घेतल्या, धपकन पडली, अन् संपलं. माहे बैल जागीच थबकले. 

मी मुखरू, मूल गावचा बैलबंडीवाला. सत्तावन सालचा वैशाख होता तो. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला म्हनत, पन जंगलातल्या रस्त्याले त्याचा पत्ता नव्हता. जाताना मीठ-घासलेट न्याचं, येताना मोहफुलं अन् हिरडा आनाचा, हा माहा पाच सालाचा धंदा. त्या खेपेले मिठाच्या पोत्याईसंगं नीलाबाई होत्या. मूलच्या नर्सबाई, मूळच्या नागपूरकडच्या. करंजटोल्याचा गायता, म्हंजे गावचा मुख्य मानूस, पोचू. त्याच्या सुनेचे, सोमारीचे, दिवस भरले होते, म्हनून बाईले बोलावनं आलं होतं.

वेशीले लागाच्या आंधी, त्याच दुपारी आमी गावाखालच्या नाल्यावर बंडी सोडली, अन् तिथी मी बाईले माही कला दाखवली. बंडीत मी सदा चार हिरवे दांडे ठेवतो. मूलच्या तळ्याच्या पाळीवरून तोडाचे. हलके, सरळ, फुकटचे. ओल्या रेतीत चार कोनाले रोवले, वरून बंडीचा बांबूचा तट्टा टाकला, का झाली सावली. पळसाचे दांडे रोवून पाहा, बैल घडीभरात चावून टाकतेत. ह्याले कोनतंच जनावर तोंड लावत नाई. निघताना तट्टा काढाचा, दांडे तिथीच सोडाचे. मूलले गेलं का नवे तोडाचे.

"हुशार आहात मुखरूभाऊ," बाई म्हनल्या, अन् मी गावाच्या वेशीपर्यंत फुगून होतो.

वेशीवर मेलेल्या बकरीपाशी पोचू गायता आला. चेहरा राखेसारखा. "बरं झालं आल्या बाई. उद्या दिवस बुडाच्या आंधी सोमारीचं काम आटपा. सांजेले गावात एक काम हाय."

"कसलं काम?"

पोचूनं मान फिरवली. बाजूच्या कुडाच्या खोलीले बाहेरून लाकूड लावलं होतं. आतून बाईमानसाचा आवाज आला, "सांगा ना गायता! सांगा त्या बाईले, माहं काय करनार हा ते!"

२

आत सुकरी होती. विधवा बाई, पस्तिशीची. नीलाबाई सरळ त्या दारापाशी जाऊन उकिडव्या बसल्या. मी मांगून म्हनलं, "बाई, नका जाऊ हो जवळ." पन ऐकतील त त्या नीलाबाई कसल्या!

"काय झालं सुकरीबाई?"

"गावच्या अकरा बकऱ्या मेल्या. माह्या चार जित्या हायेत. हा माहा गुन्हा." फटीतून एक डोळा दिसत होता, कोरडा ठक्क. "म्हनतेत मीच करनी केली. पुजाऱ्यानं सुपात दाने पाहिले, त्याले उमगलं नाई. आता नदीपल्याडचा म्हातारा पुजारी बोलावला. उद्या सांजेले येते. त्यानं माहं नाव घेतलं का झालं."

"झालं म्हणजे?"

 पोचूच मांगून हळूच बोलला, "नाल्यापल्याड नेतेत बाई. मंग वापस आनत नाईत."

 पोलीस चौकी तिथून बंडीनं दोन दिवस. जाऊन येईपर्यंत चार दिवस, अन् सुकरीच्या हातात होता एक.

"पोचूभाऊ, तुम्हाला वाटतं हिनं केलं असं?" बाईनं विचारलं.

पोचू वाईट मानूस नव्हता, हे मी आजबी सांगतो. तो म्हनला, "मले काय वाटते ते सोडा. आज बकऱ्या हायेत, उद्या लेकरं मुंडी हालवाले लागली त? माहीच सून उद्या बाळंत होऊन राह्यली. गाव भेलं हाय बाई. भेलेल्या गावाले गायता काय सांगनार?"

बाई उठल्या, हात झटकले. "उद्या संध्याकाळपर्यंत मला कोणाशीही बोलू द्या. एवढं तरी?"

पोचूनं मान हालवली. आतून सुकरी म्हनली, "बाई, झिंगूले इचारा. सगळ्याईच्या बकऱ्या त्याच्या काठीखाली मेल्या, माह्या काठीखाली नाई!"

३

झिंगू म्हंजे गावचा बकऱ्या चारनारा. म्हातारा, वाळून काडी झालेला, अन् तोंडाचा फटकळ. मोहाखाली बसला होता.

"बकऱ्या कुठे चारता झिंगूभाऊ?"

"सकाळी शिवारात. दुपारी नाल्याच्या सावलीत बसवतो. वैशाखात दुसरीकडं काय हाय? फुफाटा?"

"अन् तुम्ही?"

"मी झोपतो. मानूस हाव मी, घुबड नाई."

"सुकरीच्या बकऱ्या तुमच्याबरोबर का नसतात?"

झिंगू रागानं थुकला. "दोन सालाआंधी तिच्या एका बकरीले काठी मारली म्हनून भांडली. तवापासून आपल्या आपन डोंगराकडं नेते. तिले माहीत असन ना नाल्यावर काय करून ठेवलं ते! म्हनून आपल्या वर नेते, बाकीच्याईच्या मराले खाली."

मले ते पटलंच. मी मनात म्हनलं, झालं, मेली बिचारी. बाईनं काही चेहरा बदलला नाई. "बकऱ्यांना मीठ चाटवता?"

"चाटवतो ना." झिंगूची नजर गरकन माह्याकडं फिरली. "ह्याचंच मीठ. मूलवरून आनते."

अरे बापा!  दोन-चार जन आजूबाजूले होते, तेबी उठून माह्याकडं पाहाले लागले. मी उगाच उपरनं झटकलं, घाम पुसला. आता माहं कसं होते अन् काय!

"सुकरी मीठ कुठून घेते?" बाईनं शांतपने विचारलं.

"याच्याच बंडीतून."

"मग मिठानं तिच्याही मेल्या असत्या. मीठ नाही ते."

मी देवाले हात जोडले. बाई मंग म्हनल्या, "नाल्यावर ती गुलाबी फुलाची झुडपं आहेत. घराघराच्या कुंपणालाही तीच. ती तर खात नाहीत?"

झिंगू हासला, चार दात दिसले. "त्याले बकरी तोंड लावत नाई! म्हनून त लोकाईनं कुंपनाले लावलं. फांदी तोडली, खोचली, का जगली. चीक निघते पांढरा. मी पावसाळाभर डोळ्यानं पाहिलं, बकरी हुंगते अन् पुढं जाते."

"खरं हाय बाई," मीबी सांगितलं. जीव वाचला म्हनून तोंड मोकळं झालं होतं. "तळ्यावर बी हेच झाड हाय आमच्याकडं. पानी तिथी हे, असंच असते. माहे बैल कधी खात नाईत."

 बाई माह्याकडं जरा जास्तच वेळ पाहत राह्यल्या, अन् मले कळेना का मी काय चुकीचं बोललो.

४

पहाटे सोमारीले पोरगी झाली. धडधाकट. पोचूनं पोरीची मुंडी दोन बोटानं धरून पाहिली, हालते का म्हनून. त्याचं ते पाहनं पाहून मले रडू आलं.

बाई हात धुवाले आंगनात आल्या अन् तिथीच थांबल्या. आंगनात एक बकरी बांधली होती. पाला खाऊन राह्यली होती, मजेत.

"ही तुमची?" त्याईनं आत हाक देऊन विचारलं.

सोमारीचा बारीक आवाज आला, "माह्या दुधासाठी बांधली बाई. तिलेबी तीच बिमारी लागली होती. मुंडी हालवे, पडे. आमी म्हनलं, मरनारच आता. पन बांधल्यावर हळूहळू सुधरली."

मी बाईकडं पाहिलं, बाईनं माह्याकडं. गावात बिमारी लागून वाचलेली ही एकच बकरी होती.

"कोणी उतारा केला? औषध दिलं?"

"काहीच नाई. सुकरी त तवा बाहेरच फिरत होती. करनी असती त ही बी मेली असती ना?" पोरगी हुशार होती. पन बाळंतिनीचं कोन ऐकते!

"किती दिवस झाले बांधून?"

"वीस."

"अन् वीस दिवस नाल्यावर गेली नाही?"

"नाई. पहिले पहिले लय दोर ओढला तिनं. गळा सोलून घेतला. पाला समोर टाकला त त्याले तोंड नाई, पानी नाई, नुसती ओढ."

बाई बकरीजवळ गेल्या, गळ्यावरची सुकलेली जखम पाहिली. जखम एकाच बाजूले होती. "कोणत्या दिशेला ओढायची?"

सोमारीच्या सासूनं उंबरठ्यातून हात केला. तो हात सरळ नाल्याकडं होता.

५

दिवस चढला होता. रेती तापून लाल. सगळं शिवार उघडंबोडकं, पान नाई का पाती नाई. अन् नाल्याच्या दोन्ही आंगानं ते झुडूप, कमरेच्या वर, हिरवंगार, गुलाबी फुलानं लदबदलेलं. पहिल्यांदाच मले त्या हिरव्या रंगाचं भेव वाटलं.

"पाहा," बाईनं एक फांदी वाकवली. शेंडे कुरतडलेले होते. बकरीच्या दाताचे. एक नाई, शंभर फांद्या तशा.

"पन बाई, तोंड लावत नाई ना ते जनावर!"

"झिंगूभाऊंनी पाहिलं ते पावसाळ्यात. तेव्हा बकरीला काय कमी? ती कशाला हा चीक चाटेल? आता वैशाखात दुसरं हिरवं दाखवा मला. भुकेनं एकदा खाल्लं की ह्याची चटक लागते, दारूसारखी. मग चांगला पालासुद्धा नको होतो. झिंगूभाऊ झोपतात, अन् ह्या खातात. सुकरीच्या बकऱ्या डोंगरावर असतात, म्हणून जगल्या."

मी म्हनलं, "चला मंग! सांगू गावाले, सुटली बिचारी!"

"थांबा. गाव विचारेल, हे आलं कुठून? पोचूभाऊ म्हणाले, त्यांच्या बापाच्या वेळी नव्हतं. पाच वर्षांत आलंय." बाई नाल्याच्या वरच्या आंगाले चालाले लागल्या. मी मांगं. झुडपं दाट होती ती इरळ झाली. बंडीवाटेच्या उताराशी आलो, तिथी शेवटची. त्याच्या वर नाला कोरडा, उघडा. एक रोप नाई.

"म्हणजे सुरुवात इथून. इथून पुरात फांद्या तुटल्या, खाली वाहत गेल्या, जिथे अडकल्या तिथे रुजल्या. लोकांनी त्याच तोडून कुंपणं केली." बाई खाली वाकल्या. "ही बुडखी बघा. सगळ्यात जाड हीच. चार आहेत. अन् चौकोनात. मुखरूभाऊ, जंगल कधी चौकोनात झाड लावतं का?"



"बंडीचा तट्टा आणा."

मी आनला.  बाईनं तो त्या चार बुडख्याईवर धरला. चारी कोन बरोब्बर बसले. बाजूले कालचे माहे चार दांडे उभे होते. त्याच्या पलीकडं होळीच्या खेपेचा एक दांडा होता, मीच रोवलेला. बाईनं तो ओढला. खाली पांढऱ्या मुळ्याईचा झुपका लोंबला, अन् वर दोन कोवळी पानं फुटली होती.

"तरी मला काल दुपारी वाटलंच नाही," बाई स्वतःशीच बोलल्या. "मी त्याच सावलीत बसले होते."

मी बाईचे पाय धरले. "बाई, नका सांगू. पाया पडतो. मलेच नाल्यापल्याड नेतीन. माही बायको हाय, दोन लेकरं हायेत. मी जानूनबुजून केलं का?"

बाईनं तो दांडा खाली ठेवला. मंग म्हनल्या, "मी झाडाचं सांगेन. माणसाचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

६

सांजेले म्हातारा पुजारी आला. डोळ्याईवर मोतीबिंदू, संगं दोन जन. सुकरीले बाहेर काढून मधात उभी केली. हात बांधलेले होते, पन मान ताठ. सारं गाव गोल बसलं होतं. लेकराईले सुद्धा आयाईनं पदरात घट्ट धरलं होतं.

बाईनं जे सांगाचं ते सांगितलं. लोकं कुजबुजले. झिंगू ओरडला, "खोटं! बकरी त्याले खात नाई!"

"मग तुमचीच एक आजारी बकरी सोडा," बाई म्हनल्या. "एका बाजूला पाणी ठेवा, एका बाजूला चांगला पाला, एका बाजूला ते गुलाबी झुडूप. मी काही बोलत नाही. बकरी सांगेल."

म्हाताऱ्यानं मान हालवली. बकरी सोडली. बिचारी झोकांड्या खात उभी राह्यली. पान्याजवळून गेली, थांबली नाई. पाल्यावर पाय देऊन गेली. झुडपाशी पोचली अन् असं तुटून पडली का पाहवेना. चीक तोंडातून गळत होता अन् ती खातच होती. एका बाईनं किंचाळी मारली. झिंगूनं काठी खाली ठेवली अन् डोकं धरून बसला.

मले वाटलं, सुटलो. सुकरी बी सुटली, मी बी सुटलो.

पन म्हातारा पुजारी हळूच बोलला, "झाड मारते, हे दिसलं. पन झाडाले पाय नसतेत. पाच सालाआंधी ते इथी नव्हतं. कोनाच्या तरी हातानं आलं. कोनाच्या?"

कोनीतरी म्हनलं, "सुकरीचा नवरा पाच सालाआंधीच मेला." दुसरा म्हनला, "तवापासून ती एकटीच नाल्याकडून फिरते." अन् पाहता पाहता सारे डोळे पुन्हा तिच्यावर. आगीतून निघाली ती फुफाट्यात पडली. झाडानं तिले सोडवलं नाई, झाडानं तिले अजून बांधलं.

बाईनं माह्याकडं पाहिलं नाई. एकदाबी नाई. पाहिलं असतं त मले राग करता आला असता.

मी सांगतो, मी शूर मानूस नाई. सापाले भेतो, पोलिसाले भेतो, बायकोले त भेतोच. उठलो कसा ते मले अजून कळलं नाई. 

"म्या आनलं," मी म्हनलं. "मुखरूनं. माहे दांडे हायेत ते. सावलीचे. ह्या बाईचा काही संबंध नाई."

पहिली काठी झिंगूची बसली, खांद्यावर. दुसरी कोनाची ते दिसलं नाई. मी खाली पडलो, डोकं हातात धरलं, अन् मनात बायकोचं नाव घेतलं. मंग पोचूचा आवाज आला, "बस! त्याले मारून बकऱ्या जित्या होतीन का? ज्यानं रोवलं त्यानं उपटावं."

म्हाताऱ्यानं हात वर केला. सुकरीचे हात सोडले.

७

तीन दिवस मी कुदळ मारली. अर्धं गाव संगं होतं. एकबी फांदी पान्यात जाऊ द्याची नाई, असं बाईचं सांगनं. उन्हात वाळवाची अन् जाळाची. खांदा सुजून भोपळा झाला होता.

तिसऱ्या दिवशी सुकरी आली, आपल्या चार बकऱ्या घेऊन. मी म्हनलं, "बाई, माफ कर. मूलले चाल पाहिजे त. बंडीत जागा हाय."

"मी काऊन जाऊ?" ती एकदम तडकली. "मी गेली त म्हनतीन, खरंच हिची करनी होती. अन् तुही माफी मले नको. तू एक रात उशिरा बोलला असता त कोनाले माफी मांगला असता?"

 तिनं बकऱ्या वळवल्या अन् डोंगराकडं चालती झाली.

चौथ्या दिवशी बैल जुंपता जुंपता माहे हात थांबले. "बाई," मी म्हनलं, "मूलपासून इथवर सात नाले हायेत. मी सातही नाल्यावर तट्टा टाकतो. पाच सालापासून."

बाई पोथीसारखी आपली पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्याईचा चेहरा पांढरा झाला. "चला," एवढंच म्हनल्या.

आमी कुठी थांबलो नाई. दुपार टळता टळता परतीच्या वाटेवरचं पहिलं गाव आलं. विहिरीवर एक जन बैल पाजत होता. ओळखीचा होता, माह्याकडून मीठ घेनारा. रामराम घालून हासला.

मी बंडीवरूनच विचारलं, "भाऊ, तुमच्या गावात बकऱ्या मरतेत का? मुंडी हालवून?"

"मरत होत्या ना," तो म्हनला. "लय मेल्या. पन आता काळजी नाई. कोनाच्यानं मरत होत्या ते आमाले होळीतच कळलं. बंदोबस्त केला आमी तिचा."

नीलाबाई बंडीतून खाली उतरल्या. माह्याच्यानं उतरवलंच नाई.